हिरड्यांचा रोग आणि मूलपेशींची घाई

हिरड्यांच्या जुनाट रोगात दात हलू लागतो, तेव्हा मूळ नुकसान आत झालेले असते. दाताला जबड्याशी बांधून ठेवणारे तंतू आणि भोवतालचे हाड झिजलेले असते. खोल सफाईने रोग थांबवता येतो. मात्र गेलेले हाड त्यातून फारसे परत येत नाही. मूलपेशी अर्थात स्टेम सेल उपचारांचे आकर्षण नेमके येथेच आहे.

ही आशा निराधार नाही. दाताभोवतालच्या तंतूंत मूलपेशी असल्याचे संशोधकांनी 2004 मध्ये दाखवून दिले. त्यानंतर प्राण्यांवरील प्रयोगांत तंतू व हाड पुन्हा निर्माण झाल्याचे दिसले. माणसांवरील निष्कर्ष मात्र सावध करणारे आहेत. चीनमध्ये 30 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार सुरक्षित ठरला. पण हाडाच्या पर्यायी भुकटीसोबत मूलपेशी वापरलेल्या गटाला नुसती भुकटी वापरलेल्या गटापेक्षा लक्षणीय अधिक लाभ झाला नाही.

भारतात नियमांची चौकट स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण तेवढे प्रस्थापित उपचार मानले. उर्वरित वापर मान्यताप्राप्त चाचणीपुरताच ठेवला. व्यावसायिक साठवणुकीची मुभाही केवळ नाळेतील रक्ताला दिली. त्यामुळे मुलाचा दुधाचा दात भविष्यासाठी ‘बँकेत’ ठेवण्याच्या प्रस्तावाला या तत्त्वांचा आधार नाही.

तरीही ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरील मराठी कुटुंब असो वा पणजी-मडगावातील, हलणारा दात वाचवण्याच्या ओढीने ते पैसे मोजायला तयार होऊ शकते. अशा वेळी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आहे का? नीतिमत्ता समितीची परवानगी आहे का? आणि संशोधनाचा खर्च रुग्णाकडून मागितला जातो आहे का? चाचणी खरी असेल, तर तो भार रुग्णावर पडता कामा नये.

तोवर वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. नियमित सफाई, तंबाखूचा त्याग, मधुमेहावर नियंत्रण आणि निवडक रुग्णांत हाडाचे रोपण हे उपाय आजही हाताशी आहेत. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थांत हिरड्यांची वेळीच तपासणी झाली, तर अनेकांवर महागड्या आशेमागे धावण्याची पाळी येणार नाही. संशोधनाला वेळ हवा. तो देण्याचा संयम बाजाराकडे नसेल, तर नियामकांनी तो पाळायला लावला पाहिजे.