रान मोकळे, मोकाट नव्हे

शहापूर-मुरबाडच्या माळरानांवर जीपगाड्या पिटाळण्याची हौस शहरवासीयांनी करावी काय? सरसकट बंदी आम्हांस मान्य नाही. सार्वजनिक जमीन जनतेला खुलीच हवी. परंतु सार्वजनिक म्हणजे बेवारस नव्हे. याच रानावर ठाकूर-कातकरी कुटुंबे पोट भरतात आणि सन २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभांनाही दिला आहे. तानसा अभयारण्य या खेळास वर्ज्यच असले पाहिजे. तेथील तलावाचे पाणी मुंबई पिते. अन्यत्र वनखात्याच्या परवानगीने व ग्रामसभेच्या संमतीने ठरावीक वाटा आखाव्यात, ओली माती उखडू नये म्हणून पावसाळ्यात त्या बंद ठेवाव्यात आणि शुल्क गावाच्या पदरी पडावे. वाट सोडून भातखाचरात शिरलेली गाडी संध्याकाळी शहरात परतते. मोडलेला बांध मात्र शेतकऱ्यालाच पुन्हा घालावा लागतो!