५७ वर्षांचा हॉल्ट

व्हिसा अडकला की आपलं काय होतं? आधी एजंटला फोन, मग एचआरला मेल, मग भेटेल त्याच्यावर राग. परक्या शहरात चार दिवस अडकून पडलोच, तर हॉटेलच्या रूमवर चॅनल बदलत बसायचं आणि परतल्यावर सगळ्यांना सांगायचं, ‘फुल टाइम वेस्ट यार!’

१९६० साली एका जर्मन डॉक्टरचा व्हिसा असाच अडकला. निघाली होती दक्षिण भारतात, थांबावं लागलं कराचीत. वय वर्षं ३०. तिचा हा हॉल्ट संपला १० ऑगस्ट २०१७ ला, तिच्या मृत्यूने. मध्ये तब्बल ५७ वर्षं गेली!

तिचं नाव डॉ. रूथ फाऊ. जन्म १९२९ चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले आणि घर गेलं. युद्धानंतर रशियनांच्या ताब्यातला भाग सोडून ती पश्चिम जर्मनीत आली आणि डॉक्टरकीला लागली. त्या दिवसांत तिला हॉलंडची एक म्हातारी ख्रिस्ती बाई भेटली. छळछावणीतून जिवंत सुटलेली, आणि तरीही प्रेम आणि क्षमा यांच्याबद्दल बोलत हिंडणारी. रूथने बाप्तिस्मा घेतला तो १९५१ मध्ये, म्हणजे चांगली कळती झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने. पुढे ती कॅथलिक झाली आणि १९५७ मध्ये सिस्टर. तिचा संघ मात्र जरा हटके. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जन्मलेला, त्यामुळे सिस्टर्सना खास झगा नाही की डोक्यावर ते ठरावीक वस्त्र नाही. चारचौघींसारखं राहायचं. म्हणूनच कराचीत ती आयुष्यभर सलवार-कमीज आणि दुपट्ट्यात वावरली.

तर, कराची. मॅक्लिओड रोडच्या मागे, स्टेशनजवळ कुष्ठरुग्णांची एक वस्ती होती. गटारं, उंदीर, फळ्या-पोत्यांचा आडोसा. तिच्याच संघाच्या सिस्टर्स तिथे एका झोपडीवजा दवाखान्यात काम करायच्या. रूथ सहज बघायला म्हणून गेली. तेवढ्यात एक तरुण पेशंट हातापायांवर रांगत आत आला. चिखलातून, घाणीतून. अगदी तिच्याच वयाचा. ती पुढे अनेकदा सांगायची, की तो रांगत होता याच्यापेक्षा रांगणं हे त्याला नॉर्मल वाटत होतं, याचा धक्का मोठा होता. तिने तिथेच ठरवलं, आपण इथेच राहायचं.

सिनेमात इथे व्हायोलिन वाजलं असतं. रूथने काय केलं? ती शिकायला गेली! १९६१ मध्ये भारतात, वेल्लोरला, कुष्ठरोगाच्या उपचारांचं रीतसर ट्रेनिंग घ्यायला. म्हणजे बाई भारतात पोचल्या खऱ्या, पण कराचीला परत जाण्यासाठी.

मंडळी, मला तरी खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते असं वाटतं. भयंकर काहीतरी बघून गलबलणं, त्या रात्री जेवण न जाणं, हे आपल्यातल्या कुणाचंही होतं. प्रश्न तीन हजाराव्या दिवसाचा असतो. तेव्हा गलबलणं संपलेलं असतं आणि उरतात फक्त ड्रेसिंग, रजिस्टर आणि सरकारी फायली.

कुष्ठरोग कसा आहे बघा. जंतू नसांवर हल्ला करतात, हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, काच रुतली, तरी माणसाला कळत नाही. जखमा चिघळतात, बोटं जातात. त्याहून वाईट म्हणजे माणसं जातात. घरचीच. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे आपल्याला हे वेगळं सांगायला नको. रूथ आणि तिच्या टीमला डोंगराळ भागात गुहांमध्ये, गुरांच्या गोठ्यांत लपवून ठेवलेले पेशंट सापडले. त्यातली काही तर पोरं होती.

झोपडीचा दवाखाना १९६३ मध्ये सदर भागात पक्क्या जागेत आला. मग तिने सरकारच्या मागे लागून १९६८ मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू करवला, स्थानिक माणसांना तयार केलं, बलुचिस्तानपासून उत्तरेच्या बर्फापर्यंत पायपीट केली. केंद्रांची संख्या दीडशेच्या वर गेली. ऐंशीच्या दशकात अनेक औषधं एकत्र देण्याचा नवा उपचार आला आणि कामाला वेग आला. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. म्हणजे दहा हजार लोकांमागे एकाहून कमी पेशंट. पण आटोक्यात म्हणजे संपला नव्हे. त्यामुळे सिस्टरबाईंचं काम चालूच राहिलं.

तिचे बहुतेक पेशंट मुस्लिम आणि ती पक्की कॅथलिक. ‘मग जमलं कसं?’ असा प्रश्न आपल्याला पडतो. ती रोज प्रार्थना करायची आणि उठून कामाला लागायची, तिचा फंडा एवढाच. बायबलमध्ये रूथची छोटीशी गोष्ट आहे. नवरा गेल्यावरही सासूची साथ न सोडता तिच्या मुलखात जाऊन राहणारी सून. (हो, सासूची!) हिनेही परका देश असाच आपला म्हटला. १९८८ मध्ये पाकिस्तानने तिला नागरिकत्व दिलं.

शेवटच्या आजारात तिने व्हेंटिलेटर नको म्हणून निक्षून सांगितलं होतं. वय ८७. १९ ऑगस्ट २०१७ ला कराचीच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये सरकारी इतमामात तिला निरोप दिला गेला. शवपेटीवर पाकिस्तानचा झेंडा होता आणि खांदा द्यायला सैनिक.

आता हा सीव्ही आपल्या नजरेने वाचून बघा. शहर एक, संस्था एक, काम जवळजवळ तेच. इंटरव्ह्यूत कुणीतरी नक्की विचारलं असतं, ‘मॅडम, ग्रोथ कुठे दिसत नाही?’ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाकिस्तानात कुष्ठरुग्णांचा आकडा १९,३९८ होता. २०१६ मध्ये तो होता ५३१.

कुणाकुणाची ग्रोथ अशी उतरत्या आकड्यात मोजायची असते, बॉस.