महाग रॉड घ्यावा का? आधी तास मोजा, मग किंमत पाहा



गळ-रीलच्या सामानाचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून दोन प्रश्न सारखे येऊन राहिले. पहिला शौकिनांचा: "भाऊ, ऑनलाइन दहा-बारा हजाराचा बास रॉड दिसते, घेऊ का?" दुसरा दुकान टाकायच्या विचारात असलेल्यांचा: "असे भारी रॉड ठेवले तर आपल्या इकडे चालतीन का?" एक घेणारा आहे, एक विकणारा. पण दोघांचा हिशोब एकाच जागी येऊन थांबतो, म्हणून एकाच लेखात उत्तर देतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. महाग रॉड म्हणजे फसवणूक नाही. त्यात खरंच काहीतरी जास्तीचं मिळतं. पण शौकिनानं पहिलाच रॉड महाग घेणं आणि दुकानदारानं पहिलं भांडवल महाग रॉडमध्ये अडकवणं, हे दोन्ही मला पटत नाही. का, ते पाहू.

हा 'बास' आहे तरी कोण?

बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा. आपल्या वर्धा नदीत, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात किंवा गावतळ्यात तो सापडत नाही. कोकणातल्या जिताड्याला इंग्रजीत 'सी बास' म्हणतात, पण तो मासा वेगळा.

मग एका माशासाठी एवढे रॉड कसे काय निघाले? त्यामागे धंद्याची गोष्ट आहे. रे स्कॉट नावाचा विमा विकणारा एक माणूस होता. त्यानं १९६७ मध्ये अमेरिकेत बीव्हर लेकवर बास पकडायची स्पर्धा भरवली. १९६८ मध्ये बासच्या शौकिनांची संघटना काढली. १९७१ मध्ये 'बासमास्टर क्लासिक' ही मोठी स्पर्धा सुरू झाली, पहिलं बक्षीस १०,००० डॉलर. आता विचार करा, ज्याच्यासमोर १०,००० डॉलर आहेत, तो वीस ग्रॅम हलक्या रॉडसाठी जास्तीचे पैसे देईलच. तो एक रॉड घेऊन जात नाही, प्रत्येक प्रकारच्या लुअरसाठी वेगळा रॉड नेतो. त्याच्यासाठी रॉड म्हणजे कारागिराचं हत्यार.

आपल्याकडे बासच्या जागी आहे मरळ. गवतात, शेवाळात दबा धरून बसते, हवा घ्यायला वर येते आणि पाण्यावरून सरकणाऱ्या रबरी बेडकावर झडप घालते. बासलाही असंच पकडतात, म्हणून बास रॉड मरळीला चालतो. म्हणजे स्टिकरवर नाव परक्या माशाचं असलं तरी वस्तू कामाची आहे. फक्त स्टिकरसाठी जास्त पैसे देऊ नका.

जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

बाजारात ढोबळमानानं तीन थर आहेत. हजाराच्या आतबाहेर फायबरग्लासचे रॉड, दीड ते चार हजारात साधे कार्बनचे आणि मिश्र रॉड, आणि त्यावर आठ-दहा हजारांपासून पुढे भारीतले.

फायबरग्लास जड असतो, पण लवचीक आणि सोशीक. कार्बन, म्हणजे बाजारात ज्याला ग्रॅफाइट म्हणतात, तो १९७० च्या दशकात आला. तो हलका आणि ताठ. मासा नुसता टोचून गेला तरी हाताला कळतं. जितका भारी कार्बन, तितका रॉड हलका आणि ताठ, पण तितकाच नाजूकही. दगडावर आपटला, गाडीच्या दारात सापडला, की कट्‌कन जातो.

या दोघांच्या मधला रस्ताही जुनाच आहे. शेक्सपिअर कंपनीनं १९७६ मध्ये 'अग्ली स्टिक' आणला, त्यात फायबरग्लास आणि ग्रॅफाइट एकत्र केलं. परवडणारा, दणकट रॉड म्हणून त्याचं नाव झालं आणि तो अजूनही विकला जातो. भारीतले इतके रॉड येऊनही तो टिकला, कारण त्याचं गिऱ्हाईक टिकून आहे.

बीबीए करताना घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम सगळ्यांनी पाठ केला असेल. रॉडमध्ये तो हाताला कळतो. सहाशेचा रॉड सोडून अठराशेचा घेतला की फरक लगेच जाणवतो. अठराशेवरून चार हजारावर गेलात तर थोडा जाणवतो. चार हजारावरून बारा हजारावर गेलात तर तो फरक ओळखायला आधी हात तयार लागतो. हात तयार व्हायला रॉड वापरावा लागतो, आणि वापरायला आधी एक साधा रॉड लागतो. पहिला रॉड महाग नको म्हणतो तो याच्यामुळे.

तासाचा हिशोब

कोणतंही हत्यार घेताना मी किंमतीला वापराच्या तासांनी भागतो. समजा तुम्ही महिन्यातून दोनदा, तीन-तीन तास गळ टाकायला जाता. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षाचे ४८ तास, तीन वर्षांचे १४४. बारा हजाराचा रॉड पडला तासाला ८३ रुपये. अठराशेचा पडला साडेबारा रुपये.

आता दुसरा माणूस घ्या. तो आठवड्याला बारा तास पाण्यावर असतो, वर्षातले ३५ आठवडे. तीन वर्षांत झाले १,२६० तास. त्याला तोच बारा हजाराचा रॉड तासाला साडेनऊ रुपये पडतो. शिवाय मिनिटाला एकदा लुअर फेकली तरी सहा तासांत ३६० वेळा हात चालतो. संध्याकाळी खांदा दुखला नाही, तर रॉडचे पैसे तिथंच वसूल झाले. त्याच्यासाठी महाग रॉड खरंच स्वस्त आहे.

हे आपल्या शेंदूरजनाघाटच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. इथं संत्र्याच्या नर्सऱ्या आहेत. जंबेरीच्या खुंटावर दिवसभर डोळे भरणारा कारागीर चाकूच्या बाबतीत तडजोड करत नाही. धार गेली की डोळा खराब होतो आणि त्याची मजुरी बुडते. पण घरामागं दोन झाडं असलेल्या माणसानं तोच चाकू घेतला तर तो वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून राहील. चाकू तोच, किंमत तीच. एकासाठी ती गुंतवणूक, दुसऱ्यासाठी नुसता खर्च.

दुकान टाकणार असाल तर

आता विकणाऱ्याच्या बाजूनं बोलू. समजा गळाच्या सामानासाठी तुमच्याकडं ५०,००० रुपये आहेत. बारा हजारांचे चार रॉड आणले की ४८,००० गेले. भिंत चमकते, फोटो झकास येतात, येणारा-जाणारा हात लावून पाहतो. पण आपल्या तालुक्यात असे घेणारे किती? ते रॉड विकले जाईपर्यंत तुमचा पैसा भिंतीला टांगलेला आहे.

तेच पैसे असे लावून पाहा. अठराशेच्या खरेदीचे १२ रॉड, झाले २१,६००. सहाशेचे १५, झाले ९,०००. उरलेल्या १९,४०० मध्ये रील, दोरा, गळ, शिसं आणि रबरी बेडूक. रॉड माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा घेतो. गळ आणि दोरा तो पुन्हा पुन्हा घेतो, कारण गळ गवतात अडकतो, दोरा झिजतो. तुमचं दुकान रोज चालतं ते या बारीक सामानावर. भारीतला रॉड ज्याला हवा, त्याच्याकडून निम्मा ॲडव्हान्स घेऊन मागवून द्या. माल अडकत नाही आणि गिऱ्हाईकही जात नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. पहिल्या पगारातून रॉड घ्यायला आलेल्या पोराला तुम्ही बारा हजाराचा रॉड गळ्यात बांधू शकता. नफा एकदाच, पण चांगला मिळेल. मग तो पोरगा चार वेळा तळ्यावर जाईल, रिकाम्या हातानं येईल आणि गावभर सांगेल, "त्याच्या दुकानात जाऊ नको, लुटते." शहरात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. गावात एक गेलं की त्याचा अख्खा कट्टा जातो. त्याला अठराशेचा रॉड द्या आणि वर म्हणा, "वर्षभर वापर, हात बसला की भारीतला पाहू." तो परत येतो, दोस्तांना घेऊन येतो.

घेताना काय पाहायचं?

बजेट चार हजाराचं असेल तर सगळं रॉडवर घालू नका. रॉड, रील आणि दोरा ही एक साखळी आहे. रीलचा ड्रॅग अडखळत सुटत असेल तर मोठी मरळ दोरा तोडून जाते, तेव्हा भारी रॉड काही करू शकत नाही.

रॉडवर बारीक अक्षरात त्याची ताकद, दोऱ्याचा आणि लुअरच्या वजनाचा अंदाज लिहिलेला असतो. किंमतीच्या आधी ते वाचा. मरळीला गवतातून ओढून काढायचं असतं, म्हणून साडेसहा-सात फुटी, मीडियम हेवी ताकदीचा, टोकाकडून वाकणारा म्हणजे फास्ट ॲक्शनचा रॉड बरा. कणकेचा गोळा लावून रोहू-मृगळची वाट पाहत बसायचं असेल तर साधा फायबरग्लासही भरपूर झाला. बांबूच्या काठीवर मासे धरणारे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे विसरू नका.

दोरा ज्या कड्यांतून जातो त्या कड्यांत कापसाचा बोळा फिरवा. कुठं अडकला तर तिथं चीर आहे, तो रॉड घेऊ नका. सगळी कडी एका रेषेत आहेत का ते डोळ्याला लावून बघा. दोन तुकडे जोडून हलवा, जोड खडखडला तर ठेवून द्या. रीलची बैठक घट्ट आहे ना, तेही पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार असाल तर हे स्वतः गिऱ्हाईकासमोर करून दाखवा. तुमची हीच जाहिरात.

विकताना तीन गोष्टी न विचारता सांगायच्या. एक, कार्बनमधून वीज जाते. विजेच्या तारांखाली किंवा आभाळ कडाडत असताना रॉड उचलायचा नाही. दोन, तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी परवानगी घ्या, ते कोणाच्या तरी पोटाचं पाणी आहे. तीन, पावसाळ्यात मरळ पिलांची राखण करत असते, तेव्हा तिला सोडून द्या. पिलंच राहिली नाहीत तर पुढं गळ कोणाला आणि दुकान कशाला?

शेवटचं

मला विचाराल तर सुरुवातीचा रॉड दीड-दोन हजाराचा, सोबत बरं रील आणि चांगला दोरा. वर्षभर वहीत तास लिहा. शंभराच्या वर गेले आणि रॉड जड वाटायला लागला, तर बिनधास्त भारीतला घ्या, तो तुम्ही कमावला आहे. तास वीसच भरले, तर तुमचे दहा हजार वाचले. हाच हिशोब शिलाई मशीनला, फवारणी पंपाला, कॅमेऱ्याला आणि ओव्हनलाही लावून पाहा.

आजच्या आज एक काम करा. धंद्यासाठी जी महाग वस्तू घ्यायचं तुमच्या मनात आहे, तिची किंमत लिहा, खाली वर्षाचे वापराचे तास लिहा, आणि भागाकार करा. आलेला आकडा खाली कमेंटमध्ये टाका. घ्यायची की थांबायचं, ते आपण मिळून ठरवू.