कचरा वेचणारे आणि हाकिम

जपानी कार्टूनला मुलं ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात आणि आपण ‘कार्टून’ म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नाही. आमच्या घरी यावरून दोन-तीनदा वाद झाला. ‘काय ते मारामारीचं पाहत बसता,’ हे आमचं म्हणणं, आणि ‘तुम्ही न पाहताच बोलता,’ हे मुलांचं. मुलांचं म्हणणं खरं होतं. मग आम्ही ठरवलं, एक मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत मुलांच्या शेजारी बसून पाहायची आणि मगच बोलायचं. निवड थोरल्यानं केली. मालिकेचं नाव ‘प्लॅनेटेस’. भाग 26. इशाची नमाज झाली की रोज एक, असे जवळपास महिनाभर आम्ही अंतराळात होतो.

मालिका नवी नाही. माकोतो युकिमुरा यांच्या चित्रकथेवरून गोरो तानिगुची यांनी ती केली आणि 2003-04 मध्ये जपानच्या एनएचकेवर ती दाखवली गेली. जपानमध्ये विज्ञानकथांना जो सेइउन पुरस्कार देतात तो आधी चित्रकथेला आणि मग 2005 मध्ये या मालिकेलाही मिळाला. गोष्ट 2075 सालातली आहे. चंद्रावर वस्ती झाली आहे, गुरूकडे जाणारं जहाज तयार होतं आहे. यात राक्षस नाहीत, परग्रहावरचे शत्रू नाहीत, जादूच्या तलवारी नाहीत. नायक कोण, तर कचरा वेचणारे.

मोडके उपग्रह, रॉकेटचे तुकडे, सुटलेले खिळे-स्क्रू पृथ्वीभोवती फिरत राहतात, ते गोळा करणारी ही माणसं. एका मोठ्या कंपनीत त्यांचा विभाग आहे, कोपऱ्यात ढकललेला. माणसं अपुरी, म्हणून बाकीचे लोक त्याला ‘अर्धा विभाग’ म्हणून हिणवतात. आपल्याकडे नगरपालिकेच्या सफाई खात्याकडे ज्या नजरेनं पाहिलं जातं तीच नजर.

हा कचरा म्हणजे कल्पना नव्हे. पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तू ताशी सुमारे 28 हजार किलोमीटर वेगानं फिरते. त्या वेगात एक स्क्रूदेखील गोळीहून वाईट. डोनाल्ड केसलर या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1978 मध्येच सहकाऱ्यासोबत मांडलं होतं, की गर्दी वाढली तर एका टकरीतून तुकडे, तुकड्यांतून पुढच्या टकरी, अशी साखळी सुरू होईल. मालिका आली तेव्हा हे बरंचसं पुस्तकी वाटत असेल. पण फेब्रुवारी 2009 मध्ये एक निकामी रशियन उपग्रह आणि एक चालू अमेरिकी उपग्रह खरोखरच एकमेकांवर आदळले. त्याआधी 2007 मध्ये चीननं आणि नंतर 2019 मध्ये आपल्या देशानंही स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडून दाखवला. त्याही दिवशी तुकडे झालेच. आता एका जपानी कंपनीनं 2024 मध्ये जुन्या रॉकेटच्या भागाजवळ यान नेऊन पाहणी केली आहे. म्हणजे हा धंदा उभा राहू लागला.

मालिकेची सुरुवातच एका स्क्रूनं होते. प्रवासी यानाच्या खिडकीवर तो येऊन आदळतो आणि युरी नावाच्या माणसाची बायको जाते. तिचं एक जुनं होकायंत्र होतं, तेही त्या पोकळीत हरवतं. युरी पुढं कचरा वेचण्याचं काम धरतो. का धरतो, हे त्याच्या सोबत्यांना फार उशिरा कळतं. हा भाग पाहताना धाकटी उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं ही ईमानचीच एक शाखा आहे, ही हदीस आपल्या मुलांना मकतबमध्येच शिकवतात. आम्हीही शिकवली होती, केळ्याच्या सालीचं उदाहरण देऊन. या मालिकेनं तिला भलतंच मोठं उदाहरण दिलं. आणखी एक प्रसंग असाच जवळचा. नव्यानं लागलेल्या तानाबे या मुलीला कंपनी सांगते, या कामात मृत्युपत्र लिहून ठेवावंच लागतं. तिला काय लिहावं तेच सुचत नाही. वसीयत लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला चौदाशे वर्षांपासून आहे, आणि तरी आपल्यातल्या किती घरांत ती लिहिलेली असते? आमच्या घरात नव्हती. त्या रात्री तो विषय निघाला, इतकंच इथं सांगतो.

या तानाबेचं पहिलं नाव ‘आई’. जपानीत त्याचा अर्थ प्रेम. मराठी घरात तिला कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली की पोरं हसून लोळायची. मात्र मालिकेची खरी कमजोरी हीच आई आहे. प्रत्येक अवघड प्रश्नावर तिचं एकच उत्तर, प्रेम. युद्ध असो, उपासमार असो, कुणाची नोकरी जावो. पहिल्या दहा-बारा भागांत कार्यालयातला आचरट विनोदही फार आहे. अरविंद नावाचा एक अधिकारी आहे, तो बहुतेक वेळ विदूषकच. त्याच्या लेकुरवाळेपणाचीही गंमत केली आहे. असल्या गमती आपल्याला ऐकून पाठ आहेत, म्हणून जरा जास्तच टोचल्या. आणि फी नावाची जहाजाची कप्तान, बाई मोठी जिगरबाज, पण सिगारेटशिवाय तिचं पान हलत नाही. दारूही सर्रास.

आता हाकिम.

मालिकेत हाकिम नावाचा एक तरुण आहे. हुशार, संयमी, कामात चोख. गुरूच्या मोहिमेसाठी निवड चालू असते, तिथं नायक हाचिमाकीची आणि त्याची दोस्ती होते. थोरला दोन भाग खूश होता. आपल्या नावाचा माणूस, आणि चक्क चांगला! मग कळतं की हाकिम अंतराळात बॉम्बस्फोट घडवणाऱ्या संघटनेचा आहे. मुलगा काही बोलला नाही. फक्त म्हणाला, ‘मला वाटलंच होतं.’ अब्बा म्हणून ऐकायला हे वाक्य फार जड गेलं. चौदा वर्षांच्या पोराला ‘वाटलंच होतं’ असं वाटावं, हे या एका मालिकेनं केलेलं नाही. पण तिनंही त्यात आपली विटा-माती घातली.

तरी न्यायानं बोललं पाहिजे. ही मालिका हाकिमला राक्षस करत नाही. त्याच्या लोकांची तक्रार ती पूर्ण ऐकवते. अंतराळातली संपत्ती मूठभर श्रीमंत देश वाटून घेतात, बाकीच्यांच्या वाट्याला कर्ज आणि युद्ध येतं. एल तानिका नावाच्या एका कल्पित गरीब देशातला कारागीर छोट्या कारखान्यात बनवलेला अंतराळ-पोशाख घेऊन येतो. पोशाख उत्तम असतो. पण अडचण पोशाखाची नसतेच, त्याच्या पासपोर्टाची असते. मालिकेतला सर्वांत चांगला भाग आम्हाला तोच वाटला. त्याच देशात जन्मलेली क्लेअर मोठ्या हुद्द्यावर पोचूनही शेवटी कुठे जाऊन पडते, हेही प्रामाणिकपणे दाखवलं आहे.

कमी कुठे पडते? जपानी नायकाला बाप आहे, आई आहे, घर आहे, जेवणाचं ताट आहे. हाकिमच्या घराचं दार मात्र आपल्यासाठी असं कधी उघडत नाही. त्याचा राग दिसतो, त्याची अम्मी दिसत नाही. नाव आपलं आणि हातात बॉम्ब, एवढ्यावर काम भागवलं आहे.

हे आम्ही मुलाला सांगितलं. त्यावर भाषण न करता मलेशियाचे शेख मुझफ्फर शकूर यांचे फोटो दाखवले. 2007 च्या रमजानमध्ये ते अंतराळ स्थानकात गेले आणि ईद त्यांनी तिथंच केली. त्यांच्या देशातल्या उलमांनी आधी बसून नियमावली केली होती, किबला कसा धरायचा, नमाजची वेळ कोणती मानायची. मुलगा तासभर तेच वाचत बसला.

तेरा वर्षांखालच्या मुलांना ही मालिका दाखवू नका. त्याहून मोठ्यांना दाखवायची असेल तर शेजारी बसा, सुरुवातीचे आचरट भाग सोसा आणि हाकिम आला की मोबाइल बाजूला ठेवा. पुढची मालिका धाकटी निवडणार आहे. तिनं आधीच बजावलं आहे, रडवणारी नको.