तिसऱ्या पिढीचा बागुलबुवा

आजोबा उभा करतो, बाप वाढवतो आणि नातू विकून खातो, असं कुठल्याही व्यापारी मेळाव्यात म्हटलं की टाळी ठरलेली. अलीकडे या वाक्याच्या अंगावर संशोधनाचा कोट चढला आहे. शंभर कौटुंबिक उद्योगांपैकी तीस दुसऱ्या पिढीपर्यंत टिकतात, तेरा तिसरीपर्यंत, आणि चौथीत पोचतात ते तीन. पडद्यावर हे आकडे उमटले की पहिल्या रांगेतले काका आणि मागच्या रांगेतला पुतण्या दोघंही खाली मान घालतात, आणि वक्त्याच्या पुढच्या व्याख्यानाची तारीख तिथेच पक्की होते.

असेच एक विद्वान सध्या जिल्ह्याजिल्ह्यांतून हे सांगत फिरत आहेत, लिहीतही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कौटुंबिक उद्योग तिसऱ्या पिढीत मरतो, हे शास्त्राने सिद्ध केलं आहे. मुलगा बापाइतका कर्तबगार निघत नाही, हेही सिद्ध झालं आहे. तेव्हा खुर्ची बाहेरच्या व्यावसायिक व्यवस्थापकाला द्यावी, कुटुंबाने लेखी 'संविधान' करावं, संचालक मंडळावर स्वतंत्र माणसं घ्यावीत आणि एकत्र कुटुंब नावाचं जोखड एकदाचं उतरवून ठेवावं. संविधान करून कोण देणार, हे ते व्यासपीठावरून सांगत नाहीत. त्यांचं कार्ड दाराशी मिळतं.

मी सांगलीत करसल्लागार आहे. हळदीचे अडते, सराफ, भांडीवाले, फौंड्रीवाले यांचे हिशेब बघण्यात हयात गेली. कौटुंबिक धंद्यांची आरती ओवाळायला मला कुणी नेमलेलं नाही. त्यांच्या भांडणांचे कागद माझ्याच कपाटात आहेत. पण आकड्याला आकडा म्हणून तरी नीट वागवावं, एवढी अपेक्षा असते.

तीस-तेरा-तीन आलं कुठून? जॉन वॉर्ड यांच्या 1987 सालच्या पुस्तकातून. त्यांनी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या 200 कारखानदार कंपन्या घेतल्या आणि 1924 ते 1984 या काळात त्यांचं काय झालं ते पाहिलं. म्हणजे एकच राज्य, एकच क्षेत्र. आणि काळ कोणता? 1929 ची महामंदी, दुसरं महायुद्ध, आणि शेवटी शेवटी त्या सगळ्या पट्ट्यातल्या कारखानदारीला लागलेली उतरती कळा. वॉर्ड यांनी आपलं काम केलं. त्यावरून कुणी सांगलीच्या सराफाची कुंडली मांडेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. शिवाय तोंडातोंडी फिरताना आकडा आखूड झाला. मूळ हिशेब पिढीअखेर टिकलेल्यांचा. सभागृहात तो पिढी सुरू होईपर्यंत टिकलेल्यांचा होतो. मधली एका पिढीची तीस वर्षं कुणी खाल्ली?

आता वहीवर मांडून बघू. साठ वर्षांनी शंभरातल्या तेरा कंपन्या त्याच कुटुंबाकडे होत्या, म्हणजे दर वर्षी साधारण 3.3 टक्के गळाल्या. मंदी आणि युद्ध धरून वर्षाला शंभरात तीन-सव्वातीन! याला अपयश म्हणायचं असेल तर यश कशाला म्हणायचं ते विद्वानांनी सांगावं. पगारी व्यवस्थापकांनी चालवलेल्या किती कंपन्या साठ वर्षं तग धरतात, हा आकडा त्याच पडद्यावर शेजारी लावायला काय हरकत होती? पण तो लावला तर पुतण्याची मान वर होईल.

माझा खरा राग याहून वेगळ्या ठिकाणी आहे. धंदा मेला म्हणजे नक्की काय झालं? वॉर्ड यांच्या त्या तेरा टक्क्यांत विकलेली कंपनी बसत नाही. दांडेकरांचं कॅमलिन घ्या. 1931 साली सुरू झालेली कंपनी. 2011 साली जपानच्या कोकुयोने बहुसंख्य हिस्सा घेतला. या हिशेबाने ती 'गेली'. कंपासपेटी मात्र अजून दप्तरात आहे. ऐंशी वर्षं वाढवलेली वस्तू गिऱ्हाईक बघून विकली, तर तो व्यापार झाला. श्राद्ध कशाला घालायचं?

आणि आपल्याकडे तर सरकारी कागदच रोज माणसाबरोबर धंद्यालाही मारतात. एकमालकी दुकान आहे. मालक वारला, मुलगा गादीवर बसला. त्याला वडिलांचा जीएसटी नंबर चालवता येत नाही, कारण तो वडिलांच्या पॅनवर काढलेला. मग नवा नंबर घ्यायचा, आयटीसी-02 फॉर्म भरून शिल्लक क्रेडिट नव्या नावावर वळवायचं आणि जुना नंबर रद्द करायला अर्ज टाकायचा. कारणाच्या रकान्यात, मालकाचा मृत्यू. बँकेत चालू खातं नवं, गुमास्ता परवाना नवा. दोघांची भागीदारी असेल तर आणखी सोपं: 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार एक गेला की फर्म विसर्जित, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. दप्तरी एक धंदा संपला आणि दुसरा जन्माला आला. सांगलीच्या गणपती पेठेत जाऊन बघा. पाटी तीच, काटा तोच, दिवाणजी तोच, उधारीची वहीसुद्धा तीच. फक्त बिलावरचा पंधरा अक्षरांचा नंबर बदललाय. नोंदींवरून आयुर्मान काढणाऱ्या संशोधकाच्या हाती इथे काय लागणार? आम्ही भरलेले फॉर्म!

वाटणीची कथा तर याहून गमतीची. तीन भावांनी एका दुकानाची तीन दुकानं केली. वारसाहक्काचा अभ्यासक येतो आणि पहिल्या दुकानाला पोचवून जातो: कुटुंब फुटलं, धंदा संपला. शेजारच्या खोलीत उद्योजकतेचा अभ्यासक बसलेला असतो. तो त्याच तिघांना नवउद्योजक म्हणून मोजतो आणि टाळ्या घेतो. दोघांचे शोधनिबंध छापून येतात. एकाच विद्यापीठातून आले तरी कुणाला काही वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना आणला, तिथे किर्लोस्करवाडी झाली. पुढे कंपन्या वेगळ्या झाल्या, चौथ्या पिढीत भावाभावांचे वाद कोर्टापर्यंत गेले, ते सगळं वर्तमानपत्रांत आलं. पंप निघतायत, इंजिनंही निघतायत. हे कुठल्या रकान्यात टाकायचं, ते पडद्यावरच्या आकड्याला ठाऊक नाही.

कौटुंबिक धंद्यांवर सरसकट निकाल देण्याची ही खोड जुनी आहे. एके काळी असंच ठासून सांगितलं जायचं की, एकत्र कुटुंबामुळेच इथे उद्योग रुजत नाहीत. कर्ता सगळं दाबून बसतो आणि आळशी पोसले जातात. पुढे पूर्व आशियातले देश वर आले. तिथले मोठे उद्योग कुटुंबांचेच निघाले, तेव्हा कौटुंबिक विश्वास हेच खरं भांडवल, असा शोध लागला. 1997 साली तिकडची चलनं कोसळली आणि त्याच विश्वासाची एका रात्रीत वशिलेबाजी झाली. कुटुंबं होती तशीच होती. मराठी माणसाला धंदा जमतो की नाही, या वादात तर मी आता पडतही नाही. तरुणपणी पुष्कळ पडून झालं, आणि समोरचे सगळे नोकरदार होते.

तीन वर्तुळांचं ते प्रसिद्ध चित्रही व्याख्यानात असतंच. कुटुंब, मालकी आणि धंदा अशी एकमेकांत शिरलेली वर्तुळं, टाग्युरी आणि डेव्हिस यांनी हार्वर्डमध्ये मांडलेली. चित्र चांगलं आहे. आमच्याकडे तिन्ही वर्तुळांच्या मधोमध एकच माणूस असतो आणि सकाळी शटर तोच उचलतो.

मुलगा बापाइतका निघत नाही, या मुद्द्याला मात्र आधार आहे आणि तो भक्कम आहे. बेनेडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली डेन्मार्कमधल्या कंपन्यांवरून दाखवलं की, प्रमुखपद घरातच दिलं की नफ्याचं प्रमाण निदान चार टक्के-अंकांनी घसरतं. पण हे त्यांनी पकडलं कसं, ते आपले विद्वान गाळतात. जाणाऱ्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा आहे की मुलगी, ते बघून! पहिला मुलगा असला की खुर्ची घरात राहण्याची शक्यता वाढते. म्हणजे निवड कर्तबगारीवर होतच नव्हती, पाळण्यावर होत होती. यातून 'घरचे नकोत' असा निष्कर्ष काढायचा की 'पाळणा बघून ठरवू नका' असा? जपानवर 2013 साली मेहरोत्रा प्रभृतींचा अभ्यास आला. तिथे मोठ्या वयाचा हुशार माणूस दत्तक घेतात, बऱ्याचदा जावयालाच घराण्याचं नाव देतात, आणि दत्तक वारसांच्या कंपन्या रक्ताच्या वारसांपेक्षा सरस ठरल्या. ओसाकाची कोंगो गुमी इसवी सन 578 पासून 2006 पर्यंत स्वतंत्रपणे देवळं बांधत राहिली, तीही वेळोवेळी जावयांच्या हाती सूत्रं देऊन. आपल्याकडे दत्तकाला कधी तोटा नव्हता; पण तो गादीसाठी आणि पिंडासाठी, दुकानासाठी नाही. व्याख्यानात जपान येत नाही. आला तर डेन्मार्कची मजा जाते.

खुर्ची घराबाहेर देण्याबद्दल: अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक वेगळे असावेत आणि नात्यातले नसावेत, ही मोठ्या कंपन्यांवरची सक्ती सेबीने आधी ठरवली, मग पुढे ढकलली आणि 2022 साली ऐच्छिक केली. कौटुंबिक संविधानाबद्दल: ज्या घरात साधं मृत्युपत्र नाही तिथे संविधान आधी लिहिणं म्हणजे हौस.

मग करायचं काय? वाचायचंच असेल तर आपल्या दारातलं संशोधन वाचावं. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत काम केलं. निबंध 2013 साली आला. सगळे कारखाने कौटुंबिक. काहींना फुकट सल्लागार दिले: सुताचा साठा मोजा, बिघाडाची नोंद ठेवा, कापडातले दोष रोज लिहा. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. म्हणजे बाहेरचं ज्ञान हवं, हे मान्यच. पण त्यात एक जास्त मोलाची गोष्ट आहे. कारखाना किती वाढला, हे व्यवस्थापन कसं आहे यापेक्षा घरात कर्ते पुरुष किती आहेत यावर जास्त अवलंबून होतं. चोरीची धास्ती आणि कोर्टात वर्षानुवर्षं न लागणारा निकाल, यामुळे मालक घराबाहेरच्या माणसाच्या हाती तिजोरी देत नाही. भाऊ संपले की कारखाने संपले.

आता याच मालकाला विद्वान सांगतात, परका माणूस आणा. तो आणणार नाही, आणि त्याचं कारण त्याला चांगलं कळतं. पण त्याच घरात निम्मी माणसं मोजलीच गेलेली नाहीत. महाराष्ट्राने 1994 सालीच अविवाहित मुलींना सहदायाद केलं, 2005 साली देशाने सगळ्या मुलींना केलं, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही काढून टाकली. आमच्या पेठेत त्यावर उतारा आहे, हक्कसोडपत्र. बहीण माहेरी येते, जेवते, सही करते आणि जाते.

माझ्याकडे भागीदारीपत्र करायला येणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. बाप-लेक अशी दोघांचीच फर्म ठेवू नका, तिसरा भागीदार घ्या, आणि एकाच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील असं कलम घाला. दुसरी गोष्ट, तिसरा भागीदार म्हणून मुलीचं किंवा सुनेचं नाव घाला. नावापुरतं नको, चेकवर सही करण्याच्या अधिकारासकट. एक भांडीवाले यावर म्हणाले, "साहेब, उद्या लग्न होऊन ती पुण्याला गेली म्हणजे?"

म्हटलं, निवृत्तीचं कलम आहेच की. थोरला आयटीत गेला तेव्हा आपण तेच वापरलं होतं.