बूट कोणाच्या पायात?

आमच्या गटातली एक मैत्रीण गेल्या कार्तिकात सड्यावर गवत कापायला गेली होती. दगडाच्या आडोशाला वेटोळं घालून बसलेलं फुरसं तिला दिसलं नाही. घोट्याच्या खाली चावा बसला. पायात स्लीपर होती. शेजारच्या मुलाने मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं, लस मिळाली, ती वाचली. पण महिनाभर पाय सुजलेला आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली.

तिला भेटायला गेलो तेव्हा पडवीत गमबुटांचा जोड दिसला. नवऱ्याचा. तो घालूनच तो कलमांना फवारणी करतो, रात्री बांधावर पाणी बघायला जातो. ‘मग तू का नाही घातलेस?’ असं विचारल्यावर ती हसली. म्हणाली, ‘अगो, माझ्या पायात ते डुगडुगतात. आणि बाईमाणसाने बूट घालून गवताला जायचं म्हणजे सगळी वाडी हसेल.’

मैत्रिणींनो, या दोन वाक्यांबद्दल मला बोलायचं आहे.

सर्पदंश म्हटला की आपण नशिबाला बोल लावतो. पण २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन शेतीच्या हंगामातले. आणि शेतात होणारे बहुतेक दंश पायाला, पावलापासून गुडघ्याच्या खालपर्यंत होतात. इतकं सगळं ठरल्यासारखं घडत असेल, तर त्याला नशीब कसं म्हणायचं? कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्याला हातमोजे, बूट देणं मालकाचं काम आहे हे आपल्याला पटतं. मग खुरपणी, गवतकापणी, सोयाबीनची काढणी, ऊसतोड करणाऱ्या बाईचा पाय उघडाच का?

बूट सगळं अडवतात असं नाही. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतात, तिथे पुरुषही अनवाणीच उतरतो. गवत कापताना हातालाही दंश होतो, म्हणून आधी काठीने गवत हलवून घ्यावं लागतं. पण सडा, बांध, बागेतला पाचोळा, कोरड्या शेतातली कापणी इथे पाय झाकलेला असणं आणि नसणं यात फार अंतर आहे. फुरसं लहान असतं, त्याचा चावा सहसा खालीच बसतो. देशावर आणि विदर्भात घोणस जास्त, तिचे दात लांब. तिच्यापुढे पातळ कॅनव्हासचे बूट पुरे पडतीलच असं नाही, तिथे जाड रबरी बूटच हवेत आणि ते पोटरी झाकणारे हवेत. वनखात्यातली माणसं वापरतात तसे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायचे जाड पट्टे बाजारात मिळतात, पण खाली पाऊल उघडं असेल तर त्यांचा उपयोग अर्धाच.

सैल जाड कापडही कामाला येतं. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाच्या हातापायासारख्या नमुन्यावर डेनिमचं कापड चढवून खुळखुळ्या सापांना चावायला लावलं. उघड्या नमुन्याच्या मानाने आत गेलेलं विष सुमारे दोन तृतीयांशाने कमी भरलं. आपल्याकडे पुरुष पँट घालून शेतात जातो. बाई कामासाठी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचते. काम तेच, सापही तेच, उघडी मात्र तिचीच पोटरी.

आता ‘डुगडुगतात’ या शब्दाकडे या. तालुक्याच्या दुकानात गमबूट मागा. दुकानदार आठ, नऊ, दहा नंबर काढतो. चार-पाच नंबर मागितला की म्हणतो, ‘लेडीजमध्ये येत नाही.’ म्हणजे शेतात राबणारी बाई त्याच्या लेखी गिऱ्हाईकच नाही. मोठा बूट घातला तर ती अडखळून पडते, आणि मग घरातले म्हणतात, ‘बघ, तुला जमत नाही.’ म्यानमारमध्ये भातशेतकऱ्यांसाठी हलके बूट तयार करून ते लोकांना वापरवतात का, याची पाहणी झाली होती. आपल्याकडेही मापाचे बूट मागणं काही जगावेगळं नाही.

आणि ‘वाडी हसेल’? अंगाला गवत कापू नये म्हणून नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवणाऱ्या बायका गावोगाव दिसतात. त्याला कोणी हसत नाही, कारण तो जुना, टाकाऊ असतो. नव्या बुटांना पैसे पडतात. बाईच्या पायासाठी पैसे खर्च करायचे, हे खरं तर हसणाऱ्यांना रुचत नाही.

सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. जिच्या घरी सातबाराच नाही, ती मजूर बाई त्यात बसत नाही. आणि बसली तरी मेल्यावर दोन लाख, जिवंतपणी दोन बूट नाहीत, हा हिशोब आपण का मान्य करायचा?

म्हणून काही गोष्टी आपणच सुरू करू. बचत गटाने दहा-पंधरा जणींच्या पायाची मापं घेऊन एकदम मागणी नोंदवली, तर दुकानदार चार नंबरही आणतो. बूट घेताना मोजा घालून बघा, चार पावलं चालून बघा, तळ घसरतो का ते पाहा. जोडवी आत टोचतात, ती कामाला जाताना काढून ठेवा. घालण्याआधी बूट उलटा करून झटका, आत विंचू बसलेला असू शकतो. मजुरी ठरवताना बुटांची गोष्टही मालकाशी बोला, एकटीने नको, टोळीने बोला.

आणि दंश झालाच तर बूट, पैंजण, जोडवी लगेच काढा, पाय सुजला की ती मांसात रुततात. सवाष्णीची जोडवी काढायची कशी म्हणून कोणी थांबलं, तर त्यांना बाजूला करा. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. पाय न हलवता थेट दवाखाना गाठा.

ती मैत्रीण आता बरी आहे. पुढच्या गवताला जाताना तिच्या पायात तिच्या मापाचे बूट असावेत म्हणून गटाने मापं घ्यायला सुरुवात केली आहे. पहिलं माप तिच्या सासूबाईंनी दिलं.