बॅकअप केक

गेल्या मे महिन्यात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पंचाहत्तरी झाली. हॉल नको, हारतुरे नकोत, घरीच जेवू, असं त्यांनी महिनाभर आधीच बजावलं होतं. पंचवीसेक माणसं. पुरणपोळी की आमरस यावर दोन दिवस घनघोर चर्चा, शेवटी आमरस. आणि केक आम्ही करणार, असं माझ्या लेकीने (वय वर्षं सात) आणि भाच्याने (वय वर्षं दहा, सुट्टीपुरता पुण्याहून आयात) परस्पर जाहीर करून टाकलं. मी वर्षातून तीन-चार केक करतो आणि त्यातला एखादा हमखास फसतो. तेवढ्या भांडवलावर माझी हेल्पर म्हणून नेमणूक झाली.

शनिवारी सकाळी आमचं काम सुरू झालं. दीड वाटी मैदा, वाटीभर दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, अर्धा चमचा खायचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर. अंडी नाहीत, कारण आत्या येणार होत्या. दह्यात सोडा पडल्यावर ते फसफसून वर आलं तेव्हा दोघंही आनंदाने ओरडली. मिश्रण ओव्हनमध्ये गेलं आणि नेमका माझा फोन वाजला. शनिवार असला तरी ऑफिस ते ऑफिस. मी गॅलरीत जाऊन "हो, लॉग बघतो" वगैरे बोलत असताना लेकीने पंधराव्या मिनिटाला ओव्हनचा दरवाजा उघडून आत पाहिलं. मग भाच्याने पाहिलं. मग दोघांनी मिळून नीट पाहिलं. मी परत आलो तेव्हा केकच्या मधोमध एक खड्डा पडला होता.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. खड्ड्यात हापूसच्या फोडी भरायच्या, असं दोघांनी ठरवलं आणि त्याला 'तळं' असं नावही दिलं. बाजूने बिस्किटांचं कुंपण. मला तर ते डिझाइन झकास वाटलं.

बिघडलं ते संध्याकाळी पाच वाजता. बेल वाजली, लेकीने दार उघडलं, आणि डिलिव्हरीवाल्याने तिच्या हातात खोका ठेवला. दीड किलोचा, सोनेरी ७५ लिहिलेला केक. दोन दिवसांपूर्वी मीच गुपचूप मागवून ठेवला होता. आमच्या धंद्यात सवयच असते ना, रिलीज फसलं तर रोलबॅक हवा. आपण किती दूरदर्शी, असं वाटून मी स्वतःवर खूषही होतो.

"बाबा, हा कोणाचा?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. माणसं जास्त आहेत, पुरायला हवा, वगैरे. तिने खोक्यावरची ऑर्डरची चिठ्ठी वाचली. आजकाल सात वर्षांची पोरं तारीखही वाचतात हे मी विसरलो होतो.

"म्हणजे आमचा बिघडणार हे तुला गुरुवारीच माहीत होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मुलांबरोबर केक करायचा असेल तर तो खरा करा, म्हणजे तोच केक कापला जाणार आहे अशा बोलीवर. नाहीतर सरळ विकत आणा, त्यात काही कमीपणा नाही. पण मुलांना स्वयंपाकघरात 'अॅक्टिव्हिटी' म्हणून गुंतवून ठेवायचं आणि खऱ्या समारंभासाठी खरा केक बाहेरून मागवायचा, हा मधला मार्ग सगळ्यात वाईट. त्यातून मूल एकच गोष्ट शिकतं: माझं काम हा खेळ आहे, मोजलं जातं ते दुसऱ्याचं.

"पण केक मुळात आपला कुठे?" असं आमच्या आत्या नेहमी म्हणतात. या आक्षेपाला मी पूर्वी हसायचो, आता जरा गंभीरपणे घेतो. आठवून बघा, आपल्या घरात मुलांच्या हाताला सणाचं खरं काम कधी मिळायचं? दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. आई करंज्या लाटायची, मी कातण्याने कड कापायचो. माझ्या कडा वाकड्या असायच्या, दोन-चार करंज्या तेलात फुटायच्याही. पण त्याच करंज्या पाहुण्यांच्या ताटात जायच्या. 'मुलांच्या करंज्या' असा वेगळा डबा नव्हता आणि आईने मागच्या दाराने दुकानातून बॅकअप करंज्याही आणल्या नव्हत्या.

हेच दृश्य आमच्या सांताक्रूझमध्ये डिसेंबरात दिसतं. या उपनगराचं नावच मुळी पोर्तुगीज, 'पवित्र क्रूस' या अर्थाचं. पूर्वेला कलिना आणि वाकोल्याकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं आहेत. ही मंडळी मूळची इथलीच, घरात बोलतात ती बोलीही मराठीची. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. लहानपणी आमच्याकडून दिवाळीला फराळाचं ताट जायचं आणि नाताळात त्यांच्याकडून ताट यायचं. त्यात केकच्या बाजूला नेवऱ्या असायच्या, म्हणजे आपल्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी. आणि कलकल असायचे. मैद्याच्या पिठाची छोटी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळायची, की शंखासारखा आकार येतो. मग तळायचं आणि साखरेत घोळायचं. हे शेकड्यांनी करायचं असतं, त्यामुळे घरातली सगळी पोरं टेबलाभोवती बसवतात. ताटातला कुठला कलकल आजीचा आणि कुठला पाच वर्षांच्या नातवाचा हे लगेच कळतं, आणि दोन्ही खाल्ले जातात.

केक परका आहे हेही अर्धंच खरं. कोकणात तवशाचं धोंडस करतात. मोठी जून काकडी किसायची, त्यात रवा आणि गूळ घालायचा, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे भांड्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. वर-खाली आच, मध्ये पीठ. याला ओव्हन नाही तर काय म्हणायचं? आमच्या घरी पुढे अॅल्युमिनियमचा तो गोल ओव्हन आला, झाकणात कॉइल आणि वर बघायला काचेची खिडकी असलेला. त्यात आई रव्याचा केक करायची. त्या काचेतून आम्ही भावंडं आळीपाळीने बघायचो. आता वाटतं, ती काच किती मोलाची होती! आमच्या सध्याच्या ओव्हनचा आतला दिवा गेला आहे आणि तो मी दोन वर्षं बदललेला नाही. दरवाजा उघडल्याबद्दल लेकीला बोल लावण्याआधी हेही लक्षात घ्यायला हवं.

केक बसतो का, तेही सांगतो, कारण मुलांना हे सांगितलेलं फार आवडतं. दह्यातलं आम्ल आणि सोडा यांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. बेकिंग पावडर ओली झाल्यावर आणि तापल्यावर तेच करते. या बुडबुड्यांनी पीठ फुगतं. पण त्या बुडबुड्यांभोवतीची भिंत पक्की व्हायला वेळ लागतो. पिठातला स्टार्च आणि प्रथिनं तापून घट्ट होईपर्यंत सगळा डोलारा वाफेच्या आणि वायूच्या जोरावर उभा असतो. पंधराव्या मिनिटाला दरवाजा उघडला की आतली हवा थंड होते, बुडबुडे आकसतात आणि मधला ओला भाग खाली बसतो. लेकीला हे नंतर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग हे आधी सांगायचं ना." बरोबर आहे. डॉक्युमेंटेशन रिलीजनंतर लिहायचं ही आमची जुनी खोड.

आता आक्षेप. पहिला, वेळ नाही. दोघं नोकरी करतात, लोकलचा प्रवास, त्यात शनिवार-रविवारची कामं. मान्य. म्हणूनच मी दर वाढदिवसाला करा असं म्हणत नाही. वर्षातून एकदा करा, पण तो खरा असू द्या.

दुसरा आक्षेप बायकोचा, आणि तो जास्त बोचरा आहे. "घरच्या केकवर लेख लिहिणारे सगळे पुरुष असतात. तू केक करतोस, फोटो काढतोस आणि ओटा मी पुसते." यावर मी दोन दिवस विचार केला आणि ती बरोबर आहे या निष्कर्षाला आलो. घरचं म्हणून जे जे आपण मिरवतो, त्यामागे बहुतेक वेळा एका बाईचा रविवार खर्ची पडलेला असतो. दिवाळीच्या फराळाच्या माझ्या रम्य आठवणीतही आई रात्री अकराला कढई घासते आहे, फक्त ती बाजू मी वर लिहिली नाही. आणि आज घरगुती केक विकणाऱ्यांतही बहुतेक बायकाच आहेत. त्यांच्याकडून रीतसर पैसे मोजून केक घेणं हे बायकोच्या फुकटच्या श्रमांपेक्षा शंभर पटींनी चांगलं. तेव्हा माझ्या म्हणण्याला एक अट जोडतो: ज्याला हौस, त्यानेच भांडी घासायची. मुलांनीही. सोऱ्या असो की बीटर, तो धुतल्याशिवाय काम संपत नाही, हे कळणं हासुद्धा केकचाच भाग आहे.

तिसरा मुद्दा तब्येतीचा. घरचा म्हणजे पौष्टिक, या भ्रमात मी नाही. मैदा तोच, साखर तीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने बेकऱ्यांतले केकचे २३५ नमुने तपासले, त्यातल्या १२ नमुन्यांत कृत्रिम रंगांचं प्रमाण असुरक्षित निघालं. ही बातमी दाखवून "बघा, म्हणून घरी करा" म्हणणारे पुष्कळ भेटले. पण घरी आपण लाल रंगाच्या बाटलीतून चार थेंबांऐवजी अर्धा चमचा ओततो तेव्हा कोण तपासतं? घरच्या केकचा खरा फायदा एवढाच की आत काय गेलं ते मुलाला माहीत असतं. साखर वाटीने मोजून घातली की ती किती असते हे डोळ्यांना दिसतं. माझ्या भाच्याने पाऊण वाटी पाहून "एवढी?" असं विचारलं. कुठल्याही भाषणाने हे झालं नसतं.

सजावटीबद्दल एकच. मुंबईच्या मे महिन्यात क्रीमच्या फुलांच्या नादाला लागू नका. किराणा दुकानातल्या साध्या फ्रेश क्रीमच्या पाकिटावर २५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो. ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, त्यासाठी निदान ३० टक्के तरी लागतो. आणि उभं राहिलं तरी पंख्याखाली घामट हवेत ते औक्षण संपेपर्यंत टिकत नाही. फळं वापरा. आणि मुलाने लावलेली फोड वाकडी असली तर हात पाठीमागे बांधून उभे राहा. हे सगळ्यात अवघड आहे, अनुभवाने सांगतो. 'फक्त एवढं सरळ करतो' म्हणून आपण पुढे झालो की केक आपला होतो.

राहता राहिल्या मेणबत्त्या. वाढदिवसाला ज्योत फुंकून विझवायची नाही हा अण्णांचा जुना नियम. मी कॉलेजात असताना याला बुरसटलेपणा म्हणायचो. २०१७ साली अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं, की मेणबत्त्या फुंकल्यावर केकवरच्या आयसिंगमधले जंतू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढतात. बहुतेक निरुपद्रवीच, पण तरी. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आता तरी निरांजन लावा." लावलं.

त्या संध्याकाळी टेबलावर दोन्ही केक होते. लोकांनी फोटो सोनेरी ७५ चे काढले. अण्णांनी आधी कुठला कापायचा म्हणून माझ्याकडे पाहिलं, मी लेकीकडे पाहिलं, तर ती तिथे नव्हतीच. आतल्या खोलीत जाऊन बसली होती. तळ्याचा केक शेवटी भाच्याने एकट्याने आजोबांसमोर नेला. चव चांगली होती, सगळ्यांनी तसं सांगितलंही. पण तिने त्यातला घास घेतला नाही. 'सगळं छान झालं' असं म्हणत पाहुणे गेले आणि मला ते दिवसभराचं पहिलं खोटं नव्हतं.

आज सकाळी पुन्हा केक लावला आहे, काही निमित्त नाही. तिला विचारलं तेव्हा आधी म्हणाली, "कशाला? तू आणशील की." मग थोड्या वेळाने येऊन मैदा चाळायला बसली. ओव्हनचा दिवा मी काल बदलला. आता ती स्टूल ओढून काचेसमोर बसली आहे, हातात माझं घड्याळ, आणि तीस मिनिटं दरवाजाला हात लावायचा नाही अशी मलाच ताकीद आहे.

असो. भांडी पडली आहेत, उठतो.